कुड्याची डहाळी

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचतोय. वाचतोय म्हणजे... हसायला वाचत होतो. घाटात लिफ्ट मागणारी बाई, बंद फ्लॅटमधले पैंजण... जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या पोरांना मोबाईलवरून वाचून दाखवायचो आणि वर म्हणायचो, "या लोकांची झोप पुरी होत नाही, दुसरं काही नाही." मी वसई पूर्वेला एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतंच. सापडलं नाही, तर आपण नीट शोधलं नाही. भूतबाधा, मुठी, उतारे... आमच्या कोकणातल्या घरात हे सगळं होतं, पण मी कधीच मानलं नाही. आजही मानतो की नाही, ते मला ठरवता येत नाही. तेव्हा कृपया कुणी देवस्थान किंवा उपाय सुचवू नये. उपाय विचारायला हे लिहीत नाहीये.

मी कमी बोलणारा माणूस. घरातही कमीच बोलतो. त्यामुळे हे लिखाण थोडं वेडंवाकडं होईल. नावं बदलली आहेत, आणि ज्या पाड्याजवळ हे घडलं त्याचं नाव देत नाही. बाकी जागा खऱ्या आहेत.

आम्ही चारजण दर रविवारी ग्रॅव्हल बाईक घेऊन निघायचो. ही सायकल दिसते रेसच्या सायकलसारखी, हँडल खाली वळलेलं, पण टायर जाड असतात... डांबर सोडून खडी-मातीच्या वाटांवर चालवायची. वसईतून हायवेवरच्या वसई फाट्यावर, तिथून हायवेने शिरसाड, मग आत वळलं की पारोळ. पारोळच्या पुढे तानसा नदीपर्यंत टेकड्या, भातशेतं, पाडे आणि बंद पडलेल्या दगडखाणी यांच्यामधून जाणाऱ्या वाटांचं जाळंच आहे. त्या वाटा जोडून रूट काढायचं काम माझं. आदल्या रात्री मॅपवर रेघ काढून सगळ्यांना पाठवायचो.

चौघं म्हणजे मी, डॉमनिक, पराग आणि हेमंत. डॉमनिक वसईचाच, बँकेतून लवकर निवृत्त झालेला. पराग तुळिंजचा, आमच्यात सगळ्यात तरुण, मला 'काका' म्हणायचा. आणि हेमंत... हेमंत होळीचा, म्हणजे वसईत पारनाक्याच्या आतली आळी आहे, तिथला. बापजाद्यांची वाडी होती त्याची, केळी, सोनचाफा, नागवेल. सकाळी फुलं गेली की हा सायकल काढायला मोकळा. मी वसईत नवीन असताना ज्या माणसाने मला पहिल्यांदा घरी जेवायला बोलावलं, तो हा. त्याची आई आम्हांला निघताना बघायची आणि म्हणायची, "एवढा चांगला रस्ता बांधलाय, तो सोडून दगडांतून कशाला मरायला जाता रे?"

हेमंत मोबाईल हँडलला लावत नसे. "त्या काचेत बघत चाललो तर शेतं कधी बघू?" म्हणायचा. त्याच्यासाठीच आम्ही डहाळीची पद्धत सुरू केली होती. जुनीच पद्धत आहे, डोंगरात फिरणाऱ्यांना माहीत असेल. वाटेला फाटा आला की पुढचा माणूस हाताला येईल ती डहाळी मोडतो आणि ज्या वाटेने जायचं नाही तिच्यावर आडवी ठेवतो. मागचे बघून वळतात. सगळ्यांच्या शेवटी असतो तो ती डहाळी उचलून बाजूला टाकतो. त्याला आम्ही 'शेपूट' म्हणायचो.

उचलायची का, तर पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याने एकदा आम्हांला अडवून झापलं होतं. "डहाळी आडवी दिसली का आमची मानसं मागं फिरतात. तुमी जाता निघून, आन् आमची बाय पान्याला जायची थांबते." तेव्हापासून नियम झाला. शेपटाने डहाळी उचलायची. उचलायची ती सगळे गेल्यावरच, हे वेगळं सांगायची गरज कुणालाच वाटली नव्हती.

भातकापणीचे दिवस होते. गवत माणसाच्या कमरेएवढं, सकाळचं दव, टेकड्यांवर पातळ धुकं. त्या दिवशी शेपूट मी होतो. पराग आणि डॉमनिक पुढे निघून गेलेले. एका पाड्याच्या कडेला हेमंतने ब्रेक मारला. कुडाच्या भिंतीवर दुधीचा वेल चढला होता.

"राण्या, थांब. हा दुधी बघ. असा लांब मानेचा दुधी आमच्या आजोबांच्या वेळी वाडीत होता. बी गेलं रे त्याचं."

"हेमंत, दुधी बाजारात मिळतो."

"बाजारातला दुधी आणि तुझं तोंड... दोन्ही फ्रीजमधून काढल्यासारखे." तो सायकल आडवी करून घरातल्या बाईशी बोलायलाही लागला. "मावशी, एखादा सुकलेला ठेवलाय का बियांना?"

मी चुळबुळत उभा. कारण असं, की पुढे फाटा होता, आणि फाट्यानंतर एक लांब चढ. त्या चढाची वेळ ॲपवर लागते, कोण किती भरभर चढला ते सगळ्यांना दिसतं. आदल्या रविवारी पराग मला मागे टाकून वर थांबला होता आणि म्हणाला होता, "काका, वयाच्या मानाने मस्त!" ते 'वयाच्या मानाने' मला आठवडाभर टोचत होतं. हसू नका. माणूस पन्नाशीला आला की असल्या गोष्टी टोचतात.

हेमंतला ते ठाऊक होतं. हात हलवून म्हणाला, "जा तू, जा. कापून ये पराग्याचं नाक. मी बिया घेऊन मागून येतो. फक्त डहाळी उचलू नको हां, नाहीतर मी गुजरातला पोहोचायचो."

मी हसलो. "नाही उचलत," म्हणालो. हे आमचं शेवटचं बोलणं.

फाट्यावर डावीकडे आमची चढाची वाट, अरुंद, दगडांची. समोर सरळ जातो तो जुन्या खाणीचा रस्ता, ट्रक जायचे तेव्हाचा. रुंद, गुळगुळीत. कुणीही अनोळखी माणूस सरळच जाईल असा. त्याच्यावर परागने बाजूच्या कुड्याच्या झाडाची डहाळी आडवी ठेवली होती. मी वेग कमी केला, वाकलो, एका हाताने डहाळी उचलली आणि गवतात भिरकावली. विचार न करता. शेपूट असलो की हात तेच करायचा. मग घड्याळाचं बटण दाबलं आणि चढाला लागलो.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. पहिल्या वळणाला हँडलवर हात चिकटायला लागला. कुडा मोडला की पांढरा चीक येतो, तो बोटांना लागला होता. तेव्हा आठवलं. मी मागे वळून बघितलं. फाटा दिसत होता. तिथून खाली जायचं, डहाळी शोधून परत ठेवायची, पुन्हा वर यायचं, फार काही नव्हतं ते. पण घड्याळ चालू होतं. परत गेलो तर वेळ वाया जाणार. मनात म्हटलं... त्याने हा रूट केलाय की एकदा. टायरच्या खुणा दिसतील. ओरडेल तो. आणि मी वर गेलो.

ती वेळ अजून त्या ॲपवर आहे. परागपेक्षा चांगली आहे.

वर चहाच्या टपरीवर आम्ही बसलो. पराग म्हणाला, "काका, आज काय खाऊन आलात?" मी खूश होतो, खोटं कशाला सांगू. डॉमनिक म्हणाला, "हेमंत बसला असेल कुणाच्या तरी शेतात विळा घेऊन." बराच वेळ झाला. त्याचा फोन लागेना. मग खाली उतरलो. फाट्यावर दवाने ओल्या मातीत एकाच सायकलची खूण सरळ गेलेली.

पुढे गवत इतकं वाढलं होतं की रस्ता संपून खाण कुठे सुरू होते ते कळतच नव्हतं. डॉमनिक पुढे होता. कडेला थांबला, छातीवर क्रूसाची खूण केली, आणि मागे न बघता म्हणाला, "राणे, तू नको येऊ इकडे."

बाकीचं लिहीत नाही. पाड्यावरच्या लोकांनी बाहेर काढला. जर्सीच्या मागच्या खिशात रुमालात बांधलेल्या दुधीच्या बिया होत्या.

तिथेच, सगळ्यांसमोर डॉमनिकने मला विचारलं, "डहाळी होती ना रे फाट्यावर?"

"होती," मी म्हणालो. "मी ठेवून आलो होतो."

ठरवून नाही बोललो. तोंडातून निघून गेलं, आणि मग ते तसंच राहिलं. पराग फाट्यावर जाऊन आला, गवतात पडलेली डहाळी बघून म्हणाला, "कुणीतरी बाजूला फेकलीये." मी म्हणालो, "शेळ्यांनी ओढली असेल."

मला वाटलं, झालं, इथे संपलं. शेळ्यांना कोण जाब विचारतं?

पण गोष्ट अशी संपत नाही. हेमंतच्या घरी त्या दिवसांत वाडीवरून वाद चालू होता. धाकट्या भावाला वाडी बिल्डरला द्यायची होती, हेमंत तयार नव्हता. सुषमावहिनी, म्हणजे हेमंतची बायको, रोजच्या भांडणाला कंटाळून दिराच्या बाजूने बोलायला लागल्या होत्या. आता लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. डहाळी आडवी होती. शेपूट ठेवून गेला होता. ती बाजूला फेकलेली सापडली. म्हणजे फेकणारा कोण? हेमंतनेच उचलून फेकली आणि त्यानेच मुद्दाम सायकल सरळ घातली. पोलिसांनी अपघात लिहिला, पण होळीत, बाजारात, हळू आवाजात जे बोललं गेलं ते वेगळं होतं.

तेराव्याला वहिनींनी मला मागच्या पडवीत बोलावलं.

"भाऊजी, मला एकच खरं सांगा. डहाळी होती?"

तेव्हा सांगायला हवं होतं. बोलायला कुणाची अडकाठी नव्हती, आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "होती, वहिनी. शेळीबिळीने ओढली असेल..."

"कुड्याला शेळी तोंड लावत नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. शेतकऱ्याच्या घरातली बाई ती, तिला मी हे सांगत होतो. मग त्यांनी मान हलवली, सावकाश, कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर मिळाल्यासारखी. "जा तुम्ही. पानं मांडलीयेत."

मी गेलो आणि जेवलो. हेही लिहून ठेवतो. दोनदा वाढून घेतलं.

ग्रुप मोडला. डॉमनिकने हेमंतसाठी चर्चमध्ये मिस्सा ठेवली, मी कामाचं कारण सांगून गेलो नाही. होळीवरून जायचं टाळायला लागलो. किल्ल्याकडे काही काम निघालं तरी लांबच्या रस्त्याने वळसा घालून जायचो. सायकल गॅलरीत उभी. बायको म्हणायची, "विका तरी, कपडे वाळत घालायला जागा होईल."

दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी मी ती बाहेर काढली. का, ते सांगता येत नाही. कुणाला न सांगता निघालो, थेट त्या फाट्यावर.

त्या दिवसांत टेकड्या करपलेल्या असतात. कुड्याला एकही पान नसतं, नुसत्या काड्या आणि वर लटकणाऱ्या जोडशेंगा. हे मुद्दाम सांगतोय. फाट्यावर पोहोचलो, आणि खाणीच्या रस्त्यावर कुड्याची डहाळी आडवी. हिरवीगार. पानं ताजी, टवटवीत. मोडलेल्या टोकाला चिकाचा थेंब, अजून न वाळलेला.

मी आजूबाजूला बघितलं. कुणी नाही. जवळपास जेवढे कुडे होते त्यांच्यापाशी जाऊन आलो. सगळे बोडके. मेंटेनन्सवाला आहे मी, मी सगळं तपासलं. कुणी आणून ठेवली म्हणावं तर कुठून, आणि चीक ओला कसा? फोटो काढला. डहाळीला हात लावला नाही, तसाच मागे फिरलो.

खाली पाड्याजवळच्या दुफाट्यावर, येताना मोकळ्या असलेल्या वाटेवर, दुसरी. ती पारोळच्या दिशेची वाट मोकळी सोडून दुसऱ्या वाटेवर आडवी होती. पुढच्या फाट्यावर तिसरी. एखादा माणूस माझ्या पुढे चाललाय आणि मला वाट दाखवतोय, अशी. फक्त पुढे कुणी नव्हतं. धुळीत टायरची एकही खूण नव्हती, माझ्या येतानाच्या सोडून. मी शेवटी उतरून धावायला लागलो, सायकल हातात धरून... पन्नाशीचा माणूस, हेल्मेट घालून, पाड्यावरची पोरं हसत होती.

हायवेला लागलो तेव्हा जिवात जीव आला. गाड्या, धूर, हॉर्न, सगळं नेहमीचं. वसई फाटा, एव्हरशाईन, स्टेशनचा पूल, अंबाडी रोड. माझ्या घराकडे वळायच्या तोंडाशी, रिक्षास्टँडच्या बाजूला, डांबरावर कुड्याची डहाळी आडवी पडली होती. रिक्षा तिला चुकवून जात होत्या.

वसईच्या पश्चिमेला वाळूची जमीन. इथे नारळ, केळी, चाफा काय वाटेल ते येतं, पण कुडा मी पाहिलेला नाही. मी उतरलो, ती उचलली, गटारात टाकली आणि घरी गेलो. हाताचा चीक साबणाने जाईना. बायकोने विचारलं, "काय लागलंय हे?" मी म्हणालो, "ग्रीस."

फोटो मी परागला पाठवला. त्याचा फोन आला. "काका, पानं आहेत ही. मग?" "काही नाही," म्हणालो, "सहज."

मग ते थांबलं नाही. रोज नाही. विसरतो न विसरतो तोवर पुन्हा दिसायची. सोसायटीच्या गेटवर. कारखान्याच्या वळणावर. भाजी घेऊन परतताना. दर वेळी माझ्या घराच्या, माझ्या कामाच्या वाटेवर आडवी, आणि दर वेळी एकच रस्ता मोकळा... पारनाक्याकडचा. एकदा बायकोनेही बघितली. "रोज रोज कोण टाकतं हे आपल्याच दारात?" म्हणून वॉचमनवर डाफरली. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, अभी तो झाडू मारा. कुछ नहीं था." म्हणजे माझ्या डोक्यातलं नव्हतं ते. तसं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरकडे गेलो असतो.

दर वेळी मी ती उचलून फेकायचो. तोच हात, तीच सवय. एका रविवारी सकाळी सोसायटीच्या गेटवर वाकलो, आणि उचलता उचलता हात थांबला. माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतोय.

मी डहाळी तशीच ठेवली. वर जाऊन सायकल आणली. डहाळ्या मोकळा सोडतील त्या रस्त्याने गेलो. अंबाडी रोड सरळ, पारनाका, मग आत. होळीला, हेमंतच्या वाडीच्या फाटकापर्यंत कुठे अडलो नाही.

वहिनी चाफ्याखाली होत्या. वाळलेल्या फांद्या गोळा करत होत्या. केस पांढरे झालेले. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही, किंवा त्यांनी दाखवलं नाही.

"या भाऊजी. बसा. वाट चुकलात?"

"नाही."

"चहा टाकते."

ओटीवर बसलो. समोर भिंतीवर हेमंतचा फोटो. हार नव्हता. धूळ मात्र नव्हती, रोज पुसलेला वाटत होता. वहिनींनी चहा आणून ठेवला. मी विचारलं, "काकी?"

"आई गेल्या. श्रावणात." मग म्हणाल्या, "तुम्हांला कळवलं होतं डॉमनिकभाऊंकडून."

कळवलं होतं. मी गेलो नव्हतो, आणि आता न कळल्यासारखं विचारत होतो.

"शेवटपर्यंत एकच," वहिनी म्हणाल्या. "माझ्या हेमूला असं काय झालं होतं ग? मला का नाही बोलला? मी काय सांगणार त्यांना? मला ठाऊक होतं ना. त्या दिवशी निघताना मी त्यांना म्हटलं होतं, जा, आणि परत आला नाहीत तरी चालेल. वाडीवरून चाललं होतं आमचं. हसले ते. हसतच गेले. नंतर तुम्ही म्हणालात डहाळी होती, तेव्हा कळलं."

आणि मग मी सांगितलं. सगळं. दुधी, डहाळी, घड्याळ, पराग काय म्हणाला होता ते. किती वेळ बोलत होतो आठवत नाही. आयुष्यात एवढं सलग बोललो नव्हतो.

वहिनी रडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर... पण नाही. त्यांनी विचारलं, "आठवलं तेव्हा किती लांब होतात?"

"पहिल्या वळणाला."

"तिथून फाटा दिसतो?"

"दिसत होता."

"मग?"

"चढ लागला होता, वहिनी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे म्हणजे, मी जिथे बसलो होतो तिकडे. मग म्हणाल्या, "बिया घ्यायला थांबले होते ते."

"हो."

"माणूस मरायला निघाला तर दुधीचं बी मागून घेईल? हे माझं मला कळायला हवं होतं. रुमाल धुतला मी तो. बिया फेकून दिल्या." त्यांचा आवाज तिथे पहिल्यांदा हलला. "माझी तन्वी दोन वर्षं म्हणते, बाबांना आम्ही नको होतो. मी तिला एकदाही नाही म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणू? मलाही तेच वाटत होतं."

मी म्हणालो, "मी तन्वीशी बोलतो. डॉमनिकशी, तुमच्या दिरांशी, सगळ्यांशी बोलतो. पोलिसांकडे..."

"माझं मी सांगेन तन्वीला. तुम्ही नाही." त्यांनी माझ्यापुढचा कप उचलला. मी त्याला हात लावला नव्हता. "गार झाला हा. राहू दे आता." कप घेऊन त्या आतल्या दारापर्यंत गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आईंना तेवढं कळायला हवं होतं, भाऊजी. श्रावणापर्यंत होत्या त्या. श्रावणापर्यंत तुम्ही कधीही येऊ शकला असता."

मी उठलो.

"आता परत येऊ नका," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी सायकल घेऊन बाहेर पडलो. फाटक ओढून घेतलं, कडी लावली, हे नक्की आठवतंय. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हेल्मेटचा पट्टा लावायला मान खाली घातली असेल तेवढीच. वर बघितलं तर फाटकाच्या बाहेर, उंबऱ्यासारखी, कुड्याची डहाळी आडवी. हिरवी. टोकाला चीक.

आत अंगणात कुणी नव्हतं. बाहेर मी एकटा. सगळे गेल्यावर शेवटच्या माणसाने डहाळी उचलायची, हा आमचाच नियम. हात पुढेही गेला.

या वेळी मी ती उचलली नाही.

तेव्हापासून एकही दिसलेली नाही. डॉमनिकला सांगितलं, त्याने नंतर फोन घेणं बंद केलं. परागला सांगितलं, तो "ओके काका" म्हणाला आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून निघून गेला. बायकोला हे तुमच्याबरोबरच कळेल. बिनपानांच्या दिवसांत ओल्या चिकाची डहाळी कुठून यायची, कोण ठेवायचं, या सगळ्याला काय म्हणायचं... मी खूप शोधलं, माझ्या पद्धतीने. कारण सापडलं नाही. सापडलेलं नाही म्हणजे नीट शोधलं नाही, असं आता मी कुणाला म्हणत नाही.

सायकल गॅलरीतच आहे. मी कामावर चालत जातो. प्रत्येक वळणावर थांबतो आणि खाली बघतो. डांबर स्वच्छ असतं. घराकडची वाट मोकळी, कामाकडची मोकळी, सगळ्याच मोकळ्या... मागून कुणीतरी रिक्षावाला हॉर्न वाजवतो, तेव्हा मी कुठल्यातरी एका वाटेला लागतो.